सोवळ्याचं कपाट

"बाई, वर छप्पर गळतं काय?"

विजेच्या कामाला आलेल्या दशरथने कपाटाच्या मागून डोकं बाहेर काढलं. त्याच्या तळहातावर चिनीमातीचा एक लहानसा ठोकळा होता. वायरी जोडायचा. त्यातल्या पितळी स्क्रूंवर हिरवट कीट चढलं होतं आणि ठोकळा चक्क ओला होता.

"गळत असेल," उत्तरा म्हणाली.

छप्पर गळत नव्हतं. मुलुंडच्या त्या बैठ्या घराची कौलं वैशाखातच परतून घेतली होती. श्रावण निम्मा सरला तरी मागच्या पडवीत वरून एक थेंब पडला नव्हता. पाणी कुठून आलं ते उत्तराला पक्कं माहीत होतं आणि तरीही तिच्या तोंडून ते सहज निघून गेलं. मग ती खाली बघत भाजी निवडायला लागली.

"कुठं गळतं, बघतो मी. हे बघा, पाणी झाकणावर पडलं, मागच्या फटीतनं आत उतरलं, आणि बरोबर जोडावर आलं. मग शॉर्ट होणारच ना. फ्यूज काय करील बिचारा?"

त्याने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. त्या स्टुलाचा एक पाय आखूड होता. तो वर चढला तसं ते डुगडुगायला लागलं. कोणीतरी धरायला हवं होतं. उत्तरा अर्धवट उठली, पण स्वयंपाकघराच्या दारात तिच्या सासूबाई, माई, उभ्या होत्या. ती पुन्हा बसली. दशरथने एका हाताने वासा धरला आणि दुसऱ्या हाताने एकेक कौल चाचपून पाहिलं.

"कोरडं ठणठणीत हाय," तो खाली उतरत म्हणाला.

"वाऱ्याने तिरपं येत असेल मग."

हेही खोटं होतं. पण पहिलं बोलून झाल्यावर दुसऱ्याला फारसे कष्ट पडत नाहीत.

ते कपाट विलायतेहून आलेलं होतं. उत्तराच्या नवऱ्याला, विद्याधर आठल्येला, त्याच्या कंपनीने शिक्षणासाठी सहा महिने तिकडे धाडलं होतं. बरोबरचे लोक परतताना कॅमेरे घेऊन आले, कोणी रेडिओ आणले. विद्याधरने आईसाठी कपडे वाळवायचं विजेचं कपाट आणलं. कमरेएवढं उंच, पांढऱ्याशुभ्र पत्र्याचं. वर झाकण, आत कपडे टाकायला लाकडी दांड्या, तळाशी शेगडीसारखी कॉइल आणि पुढे एक छोटा तांबडा बल्ब. बल्ब पेटला की समजायचं, आत ऊब सुरू झाली. आसपासची मंडळी ते बघायला आली होती. श्रीमंतांचे चोचले असं काहींना वाटलं असेल, पण त्यांना माईंचा खोकला माहीत नव्हता.

माई स्वयंपाक सोवळ्यात करत. लुगडं धुवायचं, कोणाचा स्पर्श होणार नाही अशा उंच दांडीवर काठीने वाळत टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी आंघोळ करून तेच नेसून चुलीपुढे बसायचं. उन्हाळ्यात ठीक होतं. पण मुलुंडला डोंगराच्या कडेला पाऊस लागला की लागला, चार-चार दिवस लुगडं दमट ते दमटच. माई तसंच ओलं नेसून बसत. धाबळी होती, पण तिने त्यांच्या अंगावर पुरळ उठे. मागच्या श्रावणात त्यांचा खोकला छातीत उतरला आणि त्या जेमतेम त्यातून उठल्या. डॉक्टरांनी विद्याधरला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पुन्हा असं झालं तर मी हमी देत नाही.

म्हणून ते कपाट. सुरुवातीला माईंनी नाक मुरडलं. कुठल्या कुठल्या लोकांचे हात लागलेले असतील! मग स्वतःच त्यांनी तोड काढली. एकदा सगळं पुसून घेतलं, गंगेचं पाणी शिंपडलं आणि जाहीर केलं, आता याला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. काठीने लुगडं आत सोडायचं, झाकण लावायचं, बटण दाबायचं, सगळं त्याच करत. यंदाच्या आषाढात त्या पहिल्यांदा कोरडं लुगडं नेसल्या तेव्हा दारात उभ्या राहून लहान मुलीसारख्या म्हणाल्या होत्या, "ऊन नेसल्यासारखं वाटतं गं." खोकला आलाच नाही. उत्तराला तेव्हा सासूचं आणि नवऱ्याचंही फार कौतुक वाटलं होतं.

मग श्रावण लागल्यावर एके दिवशी तांबडा बल्ब पेटेना. बाजारातल्या चंद्रप्रकाश शेठच्या विजेच्या दुकानातून दशरथ आला. तिशीचा, अंगाने शिडशिडीत, बोलायला मोकळा. माईंनी स्वयंपाकघराच्या दारातूनच चौकशी केली.

"गाव कुठलं रे तुझं?"

"राजापूरकडं, आजी. आता इथंच बाजारामागं असतो."

"आडनाव?"

"जाधव."

"कुठले जाधव?"

दशरथ प्लग खोलत होता. तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "ओढ्याच्या पलीकडले."

माईंनी पुढे काही विचारलं नाही. प्लगमधली एक वायर सुटली होती, ती त्याने आवळली, बल्ब पेटवून दाखवला, बंद केला आणि गेला. "गेला का?" माईंनी आतून विचारलं. "गेला," उत्तरा म्हणाली. मग माई पाण्याने भरलेला तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि तो अख्खा कपाटावर ओतला. संध्याकाळी बटण दाबल्याबरोबर फट् आवाज झाला आणि घरभर अंधार झाला.

आता हे मात्र सांगायला हवं. सोवळ्यात नसलेल्या कोणाचाही हात लागला तर माईंना पाणी लागे. विद्याधरने एकदा कौतुकाने झाकण उघडून पाहिलं होतं, तेव्हा माईंनी बोटं बुडवून चार थेंब शिंपडले होते आणि हसल्याही होत्या. महिन्यातले बाजूला बसायचे दिवस असताना उत्तराचा पदर कपाटाला लागला, तेव्हा त्यांनी ओंजळभर पाणी टाकलं होतं आणि त्या हसल्या नव्हत्या. दशरथच्या वाट्याला तांब्या आला. लेकाचे थेंब आणि सुनेची ओंजळ वरच्यावर सुकली. तांब्या तेवढा फटीतून आत शिरला.

कौलं चाचपली त्या दुसऱ्या खेपेला दशरथने ठोकळा पुसून, शेगडीवर धरून सुकवला. स्क्रू घासून लखलखीत केले. जाताना कपाटापासून नळापर्यंत एक जाड तार बांधली.

"याला अर्थिंगच नव्हतं, बाई. ही तार कोणी काढू नका. कधी करंट पत्र्यात उतरला तर हीच वाचवील." मग पुन्हा वर कौलांकडे बघून म्हणाला, "तेवढं तिरपं पाणी बघा मात्र."

तो फाटकाबाहेर पडला आणि उत्तराने पहिल्यांदा धीर केला.

"माई, पाणी ओतू नका ना. आत जातंय म्हणाला. त्यानेच फ्यूज जातो."

"मग तसंच नेसू? आणि देवापुढे बसू?" माईंच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "आणि हे बघ, त्याच्यापाशी काही बोलू नकोस हो. गरीब आहे, कामाचा आहे. उगीच वाईट वाटायचं त्याला."

उत्तराला हसावं की रडावं ते कळेना. वाईट वाटू नये म्हणून गुपचूप ओतायचं! पण खरं तर ती स्वतः तरी वेगळं काय करत होती?

रात्री पुन्हा अंधार. मेणबत्तीच्या उजेडात विद्याधर जेवता जेवता करवादला, "आपल्या लोकांचे हात लागले की चांगल्या मशीनची वाट लागलीच म्हणून समज."

"अहो, माई पाणी ओततात त्यावर. तो गेला की."

विद्याधरचा घास हातातच राहिला. विलायतेहून आल्यापासून तो चारचौघांत पुष्कळ बोलत असे, जातपात आता संपली, आपण सुशिक्षितांनी पुढे व्हायला हवं, वगैरे. उत्तरा वाट बघत राहिली.

"या वयात आता तिला काय शिकवायचं?" तो शेवटी म्हणाला. "आणि त्याला काय सांगणार तू? तोंडाने काय म्हणणार, सांग ना."

तेच तर सगळं अडलं होतं. मनातल्या मनात ती वाक्य जुळवून बघे, आणि प्रत्येक वेळी वाक्य दशरथच्या चेहऱ्यापाशी येऊन थांबे.

दुसऱ्या दिवशी दोघं बाजारात गेली तेव्हा विद्याधर दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाला, "शेठ, दोनदा माणूस आला, दोनदा फ्यूज उडाला. दुरुस्ती नीट होत नाही."

"आठलेसाहेब, मी काय बोलू?" चंद्रप्रकाश शेठने हात जोडले. "अजून एक वेळा पाठवतो. नाही जमला तर दशरथला रजा देऊन टाकते. माझ्या दुकानचा नाव जाते ना."

दशरथ तिथेच होता. कोपऱ्यात बसून कसल्याशा पंख्याची मोटर गुंडाळत होता. त्याने मान वर केली.

"माझ्याच हातनं काय तरी राहत असंल, शेठ. बघतो मी." मग उत्तराकडे वळून अगदी साध्या सुरात त्याने विचारलं, "बाई, ती कौलं कोणी बघितली काय?"

उत्तरा दुकानातल्या टांगलेल्या बल्बांकडे बघत राहिली. एक वाक्य, एवढंच लागत होतं, आणि या माणसाची नोकरी राहणार होती. विद्याधर म्हणाला, "बघून घेऊ," आणि दोघं भाजीकडे वळली. त्या दिवशी तिने गवार घेतली की भेंडी हे घरी येऊन पिशवी उलटी करेपर्यंत तिला आठवलं नाही.

दशरथ सोमवारी आला. माईंचा उपास होता. संध्याकाळी सोवळ्यात स्वयंपाक, नैवेद्य आणि मगच तोंडात काहीतरी पडायचं. धुतलेलं लुगडं ठिबकत दांडीवर होतं आणि आदल्या दोन दिवसांत माई पुन्हा खोकायला लागल्या होत्या. तो खोकला ऐकला की उत्तराला त्यांच्यावर रागही धरता येईना.

दशरथने या वेळी बोलणं कमी केलं. आधी प्लग बाहेर काढून बोर्डावरचा फ्यूज बांधला. मग दोन वायरींना बल्ब जोडून कॉइल तपासली, बटण तपासलं, वायर तर हाताहाताने पूर्ण चाचपली. सगळीकडे बल्ब पेटला. शेवटी ठोकळा उघडला आणि तो पुन्हा ओला निघाला. त्याने तो बराच वेळ हातात धरून ठेवला.

ठोकळा सुकवून, जोडून, कपाट चालू करून तो उठला आणि म्हणाला, "बाई, आज मी जात नाय. पाणी कुठनं येतं ते डोळ्यानं बघतो. नाय तर शेठ मला ठेवायचा नाय."

न्हाणीघराच्या आडोशाला पायरी होती, तिथे तो जाऊन बसला. माईंनी लुगडं काठीने कपाटात सोडायला आणलं, आणि दारातूनच विचारलं, "गेला का गं?"

नाही म्हणायचं होतं. तो इथेच आहे, माई, थांबा, एवढंच. उत्तरा गप्प राहिली. जे तिच्या तोंडाला जमत नव्हतं ते त्याच्या डोळ्यांनी परस्पर उरकून घ्यावं, असा तो विचार होता. भित्र्या माणसाला असले विचार बरोबर वेळेवर सुचतात.

माईंनी काठी भिंतीला टेकली आणि आतून तांब्या आणला. तांबडा बल्ब पेटलेला होता. त्यांनी तांब्या उचलला आणि नेहमीच्या सवयीने ओतला.

"आजी, हात लावू नका! लांब व्हा! लांब व्हा!"

दशरथ एका उडीत पडवीत आला आणि त्याने भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं. आतून चर्र असा आवाज आला, जळका वास सुटला. माई दचकून मागे सरल्या, तांब्या त्यांच्या हातून सुटला आणि घरंगळत दशरथच्या पायापाशी जाऊन थांबला. तो उचलून द्यायला खाली वाकला, हात पुढे केला, आणि हात तिथेच राहिला. मग तो तसाच सरळ उभा राहिला.

त्याने आधी झाकणावरून ओघळणाऱ्या पाण्याकडे पाहिलं, मग तांब्याकडे, मग वर, कौलांकडे. उत्तराला वाटलं, आता हा माझ्याकडे बघणार. त्याने पाहिलं नाही.

"तुझं म्हणून नाही रे," माई म्हणाल्या. "सोवळ्याचं आहे ते. माझ्या विद्याने हात लावला तरी मला पाणी लागतं. सांग गं त्याला."

"चार थेंब," उत्तरा म्हणाली. "त्यांच्या हाताला चार थेंब लागले होते, माई."

एवढे दिवस अडलेलं खरं अखेर बाहेर पडलं होतं. तिला हलकं वाटायला हवं होतं. पण माईंना झोंबण्याआधी ते शब्द दशरथला जाऊन लागले. तो किंचित हसल्यासारखा झाला, आणि मान खाली घालून पिशवीतली हत्यारं चाळवायला लागला. उशिरा बोललेल्या खऱ्याने कोणाचंच काही भलं केलं नाही, याची तिला भयंकर लाज वाटली.

"दशरथ, आम्ही बोलतो शेठशी," ती घाईघाईने म्हणाली. "मी स्वतः येते दुकानात. सांगते, तुमची काही चूक नव्हती."

"काय सांगाल, बाई?"

तिची नजर वर कौलांकडे गेली.

"माझी पोरं त्या बाजारातनं शाळेत जातात," तो म्हणाला. "तिथं ही गोष्ट निघायला नको. एक तुपाचा रिकामा डबा असंल तर द्या."

तिने डबा आणून जमिनीवर ठेवला. तो त्याने उचलला, कात्रीने उभा चिरला, सपाट केला आणि त्याची एक छोटी वळचण वाकवली, घराला असते तशी. ती कपाटाच्या मागच्या फटीवर बसवून स्क्रू मारले. चिनीमातीचा ठोकळा कपाटातून काढून वर भिंतीवरच्या लाकडी बोर्डात घेतला. वायरला खाली झोळ दिला, म्हणजे तिच्यावरून पाणी ओघळलं तरी झोळातून जमिनीवर ठिबकेल, आत जाणार नाही. हे सगळं त्याने इतकं सफाईने केलं की ते कशासाठी चाललंय हे विसरून कोणीही बघत राहिलं असतं. उत्तराला मात्र विसरता येईना. आपल्या स्पर्शामुळे ओतलं जाणारं पाणी नीट वाहून जावं म्हणून हा माणूस पन्हळ बांधत होता.

काम झालं. त्याने बटण दाबलं. तांबडा बल्ब पेटला.

"आता बघायला पाहिजे," तो मागे सरून म्हणाला. "ओता."

माई अजून दारातच होत्या. त्या आत गेल्या, दुसरा तांब्या भरून आल्या, आणि झाकणावर बोटांनी चार थेंब शिंपडले.

"तेवढ्यानं नाय कळायचं, आजी," दशरथ म्हणाला. "दरवेळी ओतता तेवढं ओता."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. चाचणी घेतल्याशिवाय काम सोडायचं नाही, एवढंच होतं, आणि म्हणूनच ते ऐकवेना. माईंचे ओठ हलले. त्यांनी तांब्या खाली ठेवला, पदर तोंडाला लावला आणि त्या देवघरात निघून गेल्या. आतून त्यांचा खोकला ऐकू येत राहिला.

"मग तुम्ही ओता, बाई."

"मी? राहू दे ना. झालं असेल नीट."

"असंल नको. शेठला सांगायचं हाय मला, पक्कं झालं म्हणून. पुन्हा फ्यूज गेला तर माझी नोकरी जाईल, तुमचं काय?" मग जरा नरमाईने म्हणाला, "तो पाट घ्या पायाखाली. कोरडा हाय ना? त्याच्यावर उभ्या राहा, आणि पत्र्याला हात लावू नका."

उत्तराने पाट ओढला. जेवायला पाहुणे बसले की मांडायचा तो शिसवी पाट. त्यावर उभी राहून तिने तांब्या दोन्ही हातांनी उचलला. पहिलं पाणी भलतीकडेच सांडलं.

"मधोमध," दशरथ म्हणाला.

तिने मधोमध धार धरली. पाणी झाकणावर पसरलं, मागे गेलं, पत्र्याच्या वळचणीवरून खाली आलं आणि जमिनीवरून वाहत दशरथच्या पायाशी पोचलं. तो मागे सरला नाही. त्याची नजर बल्बवर होती.

"अजून."

तिने ओतलं.

"सगळं, बाई."

तांब्या रिकामा झाला. बल्ब तसाच पेटलेला राहिला. दशरथने थोडं थांबून खात्री केली, मग पकड, कात्री, टेस्टचा बल्ब एकेक करून पिशवीत भरलं.

"झालं. शेठनं विचारलं तर सांगा, गळत होतं, बंद केलं." तो ओल्या पावलांनी पायरी उतरला, आणि वळून म्हणाला, "उतरा आता खाली, बाई. काय भ्या नाय."

मागचं फाटक वाजलं. उत्तरा पाटावरच उभी होती. रिकामा तांब्या कुठे ठेवावा ते तिला सुचेना. कपाटाच्या मागून थेंब अजून टपटपत होते.

"गेला का गं?" देवघरातून माईंनी विचारलं.

"गेला, माई," उत्तरा म्हणाली. "पाणी मी ओतलंय."